पेनी संपली, बरणी उरली: अमेरिकन नाणी, संग्रह आणि भरपूर अवांतर

चिंचोका | शुक्रवार

घर बदलायचा घाट घातलाय आणि फ्रीजवरच्या कपाटातून चिल्लरची बरणी निघाली आहे. लोणच्याची मोठी काचेची बरणी, गळ्यापर्यंत भरलेली. लग्न होऊन न्यू जर्सीतल्या एडिसनला आले तेव्हापासून दोघांचे खिसे रात्री तिच्यात रिकामे होतायत. बहुतेक सगळ्या पेन्या. क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी, वेळोवेळी उचलले गेले, पेन्यांना कुणी हात लावला नाही.

आता तर पेनीचा कारभारच आटोपला. १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत शेवटची पाडली. एक सेंटचं नाणं पाडायला ३.६९ सेंट खर्च येत होता म्हणे, म्हणजे आतबट्ट्याचाच धंदा. नवरोबांचा सल्ला: सुपरमार्केटातल्या मोजणीच्या मशिनात ओत आणि सुटी हो. ते मशीन कमिशन कापतं, आणि माझा हातही होत नाहीये.

तर जाणकारांनो, यात ठेवण्यासारखं काही असू शकतं का? ओळखायचं कसं? माझं ज्ञान 'लिंकन म्हणजे एक सेंट' इथे संपतं. अख्खी बरणी पुण्याला भाच्यासाठी न्यावी असंही मनात आहे, त्याला सध्या नाण्यांचं वेड लागलंय.

अवांतराला पूर्ण मुभा. खोकी भरून कंटाळलेय.

भरली_वांगी | शुक्रवार

पहिली!

पेन्यांचं काय घेऊन बसलीस, अमेरिकेतलं खरं चलन क्वार्टर. सॅन होजेला पहिल्या घरात आम्ही चौघी होतो आणि तळघरात दोन वॉशिंग मशिनं. नोट चालायची नाही, कार्ड चालायचं नाही, फक्त क्वार्टर. दर शनिवारी एकीने बँकेत जाऊन दहा डॉलरचा रोल आणायचा, चाळीस नाणी. खिडकीतली बाई आम्हाला बघूनच 'लाँड्री?' विचारायची. कुणी त्यातला क्वार्टर पार्किंग मीटरला घातला की घरात अबोला. २०२० मध्ये कोविडमुळे सुट्या नाण्यांची टंचाई झाली होती, तेव्हा माझ्या एका मैत्रिणीने वाढदिवसाला मला क्वार्टरचा रोल दिला होता. रिबीन बांधून.

आता सगळीकडे ॲप आलं. तरी क्वार्टर दिसला की माझा हात आपोआप पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात जातो.

दामाजी | शुक्रवार

चिंचोका, मशिनात ओतू नकोस. आधी चादर पसर, टीव्हीवर काहीतरी लाव आणि सालं बघत ढीग कर. डेन्व्हरमध्ये राहतो, टांकसाळीच्या गावात, त्यामुळे या विषयावर गप्प बसणं मला शोभणार नाही.

मागच्या बाजूला गव्हाच्या दोन लोंब्या दिसल्या की पेनी १९५८ ची किंवा त्याआधीची. ती डोळे मिटून बाजूला. १९५९ ते २००८ मध्ये मागे लिंकन मेमोरियलची इमारत आहे. भिंगातून बघ, खांबांच्या मधोमध बसलेला इवलासा लिंकन दिसतो, म्हणजे एकाच नाण्याच्या दोन्ही बाजूंना तोच माणूस. २०१० पासून ढाल.

१९८२ हे साल घोळाचं. तोवर पेनी ९५ टक्के तांब्याची होती. तांबं महागलं म्हणून त्या वर्षी जस्ताची आणली, वरून नुसता तांब्याचा मुलामा. दोन्ही त्याच साली निघाल्या आणि दिसायला सारख्याच. किचनमधला काटा काढ: ३.११ ग्रॅम भरली तर तांब्याची, अडीच ग्रॅम भरली तर जस्ताची. काटा नसेल तर ओट्याच्या दगडावर टाकून ऐक. तांब्याची गाते, जस्ताची नुसती थडकते.

१९४३ ची सापडली तर ती करडी असेल. तांबं युद्धाला लागत होतं म्हणून त्या वर्षी पोलादाची पेनी काढली, वर जस्ताचा मुलामा. चुंबकाला टपकन चिकटते. चुकून मोजक्याच पेन्या त्या साली तांब्याच्या पडल्या आणि त्यांना लाखो डॉलर मिळतात, म्हणून पोलादीवर तांबं चढवून विकणारे उदंड झाले. चुंबकाला चिकटली की स्वप्न तिथेच संपलं.

आणि एक गंमत शोध. फिलाडेल्फियाची टांकसाळ पेनीवर आपलं अक्षर कधीच टाकत नसे. फक्त २०१७ मध्ये, टांकसाळीला २२५ वर्षं झाली म्हणून, सालाखाली 'पी' टाकलं. किंमत एक सेंटच, पण भाच्याला सांगायला बरं.

बरणीत डाइम (दहा सेंटची नाणी), क्वार्टर असतील तर त्यांची साल बघायचीही गरज नाही. सगळे ओळीत कडेवर उभे कर आणि वरून बघ. ज्यांच्या कडेला तपकिरी रेघ आहे ती तांब्यावर निकेल चढवलेली. ज्याची कड अख्खी पांढरी दिसते ते १९६४ चं किंवा आधीचं, ९० टक्के चांदी. २३ जुलै १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने कायद्यावर सही केली आणि डाइम-क्वार्टरमधली चांदी गेली. लोकांनी मग चांदीची नाणी वेचून वेचून घरात कोंबली, म्हणून आता सुट्या पैशात ती क्वचित येतात. पण येतात.

सातबारा | शनिवार

नाशिकहून वाचतोय. तांब्याच्या पेन्या वितळवून विकल्या तर? एका पेनीतलं तांबं एका सेंटपेक्षा महाग आहे ना? शेतकऱ्याचं डोकं, माफ करा.

दामाजी | शनिवार

सातबारा, तुमच्यासारख्यांसाठीच कायदा केलाय :-) पेनी आणि पाच सेंटचा निकेल वितळवायला २००६ च्या डिसेंबरपासून बंदी आहे. दहा हजार डॉलर दंड किंवा पाच वर्षं आत, किंवा दोन्ही. पेनी बंद झाली तरी ती अजून कायदेशीर चलन आहे.

आणि चिंचोका, त्याच नियमात बाहेर नेण्याचंही आहे. प्रवासात अंगावर-सामानात मिळून पाच डॉलरपर्यंतच्या पेन्या-निकेल चालतात. स्वतःच्या छंदासाठी नेतोय हे उघड दिसत असेल तर पंचवीस डॉलरपर्यंत. पंचवीस डॉलर म्हणजे अडीच हजार पेन्या, सगळ्या जस्ताच्या धरल्या तरी सव्वासहा किलो. बॅगेत तेवढी जागा असेल तर भाचा नशीबवान.

चिंचोका | शनिवार

सव्वासहा किलो! त्यात सासूबाईंचा एअर फ्रायर, दोन किलो बदाम आणि नणंदेच्या मुलाचे बूट आहेत. भाच्याला मूठभरच मिळतील.

नर्मदेतला_गोटा | शनिवार

धागा उत्तम. पण सुरुवात १९५८ पासून काय करता? थोडं मागे जाऊ.

अमेरिकेचा टांकसाळीचा कायदा २ एप्रिल १७९२ चा. तेव्हा तिथल्या बाजारात मुख्यतः मेक्सिको-पेरूकडचा स्पॅनिश चांदीचा डॉलर चाले, आणि त्याच्यावर बेतूनच यांनी आपला डॉलर ठरवला. यांचा स्वतःचा चांदीचा डॉलर १७९४ मध्ये निघाला, तोही जेमतेम १,७५८ नाणी. स्पॅनिश डॉलर मात्र १८५७ पर्यंत अमेरिकेत कायदेशीर चलन राहिला. म्हणजे स्वातंत्र्याला ऐंशी वर्षं होऊन गेली तरी बाजारात परक्या राजाचं नाणं खणखणत होतं.

टांकसाळीने चलनासाठी पहिली नाणी पाडली ती तांब्याचे सेंट, मार्च १७९३ मध्ये, ११,१७८ नग. एका बाजूला केस मोकळे सोडलेली स्वातंत्र्यदेवी, दुसऱ्या बाजूला पंधरा कड्यांची साखळी. पंधरा राज्यं एकत्र गुंफली आहेत असं सुचवायचं होतं. लोकांनी विचारलं, स्वातंत्र्याच्या पाठीवर साखळदंड? वर्तमानपत्रांनी धुतलं. त्याच वर्षी साखळी काढून तिथे पानांची माळ आणावी लागली. आता तो साखळीवाला सेंट झिजलेला मिळाला तरी हजारो डॉलर पडतात.

नाण्यावर राष्ट्राध्यक्षाचं तोंड घालायचं का, यावरही तेव्हा वाद झाला. सेनेटची तयारी होती, खालच्या सभागृहाने म्हटलं हे राजेशाहीचं चोचलं आहे, नको. त्यामुळे शंभरावर वर्षं चलनातल्या नाण्यांवर देवी, गरुड, रेड इंडियन टोप, हेच. चलनी नाण्यावर पहिला खराखुरा अध्यक्ष आला तो १९०९ मध्ये, लिंकन, त्याच्या जन्मशताब्दीला. वॉशिंग्टनला क्वार्टरवर यायला १९३२ उजाडलं.

रच्याकने, नाण्यावरून लोक खवळण्याचं भाग्य आपल्याकडेही आहे. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया बघा. राजाच्या अंगावरच्या मानचिन्हात हत्ती आहे, पण सोंड इतकी आखूड की डुक्कर वाटतं. बोभाटा झाला, बरेचसे रुपये सरकारने परत घेऊन वितळवले, १९१२ पासून हत्ती नीट काढला. बाजारात आजही त्याला डुक्कर रुपया म्हणतात.

भरली_वांगी | शनिवार

काका, डुक्कर रुपया! हे ऐकलंच नव्हतं.

लिंकनच्या पेनीवर पण बोंब झाली होती ना? सही की काहीतरी?

दामाजी | शनिवार

सही नाही, आद्याक्षरं. शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर. मागच्या बाजूला खाली 'व्हीडीबी' कोरलं होतं. लोक म्हणाले, देशाच्या नाण्यावर हा आपली जाहिरात करतो. काही दिवसांतच साचे बदलून अक्षरं काढली. तोवर सॅन फ्रान्सिस्कोत ४,८४,००० पेन्या पडून गेल्या होत्या. सालाखाली 'एस' आणि मागे 'व्हीडीबी' असलेली ती १९०९ ची पेनी म्हणजे इथल्या प्रत्येक शाळकरी संग्राहकाच्या पुठ्ठ्याच्या फोल्डरमधलं शेवटपर्यंत रिकामं राहिलेलं भोक. १९१८ मध्ये अक्षरं परत आली, या वेळी लिंकनच्या खांद्याच्या कडेला, भिंगाशिवाय दिसणार नाहीत इतकी बारीक.

१९३० च्या मंदीत ते भोकांचे पुठ्ठे निघाले आणि छंद घराघरांत गेला. त्याआधी जुनी नाणी जमवणं हे पैसेवाल्यांचं काम. खिशातल्या पेनीने भोक भरायचं म्हटल्यावर छंदाला खर्च एक सेंट.

चिंचोका | शनिवार, रात्री

रिपोर्ट देते. नवरोबांनी आधी हसून घेतलं, मग स्वतःच चादरीवर मांडी ठोकून बसले. आता ते उठायला तयार नाहीत आणि स्वयंपाक कुणी केलेला नाही.

गव्हाच्या लोंबीवाल्या अकरा पेन्या. सर्वात जुनी १९२९. १९४३ ची एकही नाही. २०१७ ची 'पी' वाली तीन. एक पेनी अशी की लिंकनच्या गालावर फोड आल्यासारखं वर आलंय. ही काय भानगड?

आणि खरी बातमी: ओळीत उभ्या केलेल्या डाइममध्ये एकाची कड पांढरीफटक. १९५७ चा रूझवेल्ट. बरणीत कधी आला कुणास ठाऊक. वाजवून बघितला, बाकीचे टप् करतात, हा टिंऽऽग म्हणतो.

दामाजी | शनिवार

अभिनंदन! बरणीतून चांदी निघणं सोपं नाही.

फोड म्हणजे जस्ताच्या पेनीची पाचवीला पुजलेली कटकट. मुलाम्याखाली हवा अडकते किंवा आत जस्त गंजायला लागतं, मग पापुद्रा वर येतो. १९८२ नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत फारच. व्हिडिओवाले असल्या पेनीला 'दुर्मिळ चूक, हजार डॉलर' म्हणून नाचवतात. खर्चून टाक.

हा व्हिडिओंचा रोग खरंच वाढलाय. 'तुमच्या खिशात ही पेनी आहे का?' असा मथळा दिसला की पुढे सरका. टांकसाळीतली चूक म्हणजे जे नाणं पाडताना झालं ते. नंतर कुणी घासलं, ठोकलं, गाडीखाली आलं, ॲसिडमध्ये बुडवलं, ते नुसतं खराब झालेलं नाणं. नव्वद टक्के 'चुका' या दुसऱ्या जातीच्या निघतात.

भरली_वांगी | रविवार

माझं पण एक कबाड आहे. राज्यांचे क्वार्टर, पन्नासच्या पन्नास. १९९९ पासून दर वर्षी पाच राज्यं, ज्या क्रमाने ती देशात सामील झाली त्या क्रमाने. डेलावेअर पहिलं, हवाई शेवटचं, २००८ मध्ये. मी इथे आले तेव्हा अर्धे निघून गेले होते, सगळे लाँड्रीच्या रोलमधून शोधलेत. नकाशाचा पुठ्ठा मिळायचा, प्रत्येक राज्यावर एक भोक. इथल्या राज्यांची नावं मला त्या पुठ्ठ्यानेच शिकवली. गाडीतून कुठेही निघालो की माझ्या डोक्यात आधी नाणं येतं: जॉर्जिया म्हणजे पीच, कनेटिकट म्हणजे मोठं झाड.

चिंचोका, तुमचं न्यू जर्सी म्हणजे होडीत उभा राहिलेला वॉशिंग्टन, डेलावेअर नदी ओलांडताना.

तर दामाजी, हे पन्नास विकले तर किती येतील?

दामाजी | रविवार

साडेबारा डॉलर.

भरली_वांगी | रविवार

दुष्ट.

दामाजी | रविवार

दिवे घ्या. खरं सांगायचं तर ते अब्जावधी पाडले आणि लाखो लोकांनी जपून ठेवले, मग दुर्मिळ कुठून होणार? पण त्यात दोन बघून घे. विस्कॉन्सिन, २००४, डेन्व्हरचं 'डी': मक्याच्या कणसाला डाव्या बाजूला एक जादा पान आहे का? असेल तर त्याला बऱ्यापैकी पैसे मिळतात. ते पान साच्यात कसं आलं यावर आमच्या गावात अजून दोन तट आहेत, कुणी म्हणतं अपघात, कुणी म्हणतं रात्रपाळीच्या कारागिराची चेष्टा. दुसरं कॅन्सस, २००५, फिलाडेल्फियाचं: साच्यात ग्रीस भरल्यामुळे 'ट्रस्ट'चा 'ट' उठला नाही आणि नाण्यावर 'इन गॉड वी रस्ट' आलं.

आणि २०१९ नि २०२० चे क्वार्टर सुट्यात आले तर 'डब्ल्यू' अक्षर शोधा. वेस्ट पॉइंटची टांकसाळ. प्रत्येक चित्राचे वीस लाखच पाडून मुद्दाम चलनात सोडले, लोकांनी पुन्हा खिशात बघावं म्हणून. वीस लाख हा इथे फार छोटा आकडा.

हिरवा_चाफा | रविवार

एवढे दिवस वाचनमात्र होते, पण आता राहवत नाही.

आमच्या गिरगावच्या देवघरात एक मोठा अमेरिकन चांदीचा डॉलर आहे. आजोबा गोदीत कामाला होते, एका खलाशाकडून त्यांना मिळाला होता. दर लक्ष्मीपूजनाला तो आणि आजीचे पाच बंदे रुपये चौरंगावर मांडतात. डॉलरवर बाईचं तोंड आहे, डोक्यावर टोपीसारखं, केसांत गव्हाची कणसं. आजी त्यालाच लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहायची. आई अजून वाहते. साल १९२१. रुपयांवर राजा आहे, दोन १९१८ चे, तीन १९१९ चे.

आई दर दिवाळीला सगळे चिंच-मीठ लावून लख्ख करते. किंमत वगैरे विचारत नाहीये, विकायचे नाहीतच. पण ही बाई कोण?

दामाजी | रविवार

हे वाचून मी खुर्चीवरून उठलो.

ती मॉर्गन डॉलरची लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्यदेवी. जॉर्ज मॉर्गन नावाचा इंग्लंडहून आलेला कोरीवकाम करणारा, त्याने १८७८ मध्ये केला. चेहऱ्यासाठी फिलाडेल्फियातली ॲना विलेस विल्यम्स नावाची शिक्षिका त्याच्यासमोर बसली होती. म्हणजे शंभरावर वर्षांमागच्या एका शाळेतल्या बाई तुमच्याकडे लक्ष्मी म्हणून पूजल्या जातात. माझी हरकत नाही.

पण चिंच!! नव्या चांदीच्या नाण्यावर एक झळाळी असते, दिव्याखाली तिरकं धरून हलवलं की प्रकाशाची पाती नाण्यावर गोल फिरते. ती धातूवर ठशाच्या दाबाने उठलेल्या अतिसूक्ष्म रेषांची करामत असते. एकदा घासलं की त्या रेषा गेल्या, मग नाणं कितीही चकचकीत होवो, पाती फिरत नाही. संग्राहक एका नजरेत ओळखतो आणि किंमत अर्ध्यावर येते. काळवंडलेलं नाणं काळवंडलेलंच ठेवायचं असतं.

नर्मदेतला_गोटा | रविवार

दामाजी, शांत व्हा. ते देवघरातलं नाणं आहे, प्लास्टिकच्या डबीत बंद करून सत्तर पैकी गुण द्यायचं नाही. त्याने काढायची तेवढी झळाळी आईंच्या हाताने काढली. मी बँकेत आयुष्य घालवलं, लोकांची नाणी पाहिली, वापरलेल्या नाण्याला मी कमी लेखत नाही.

पण हिरवा चाफा, त्या १९२१ च्या डॉलरचा आणि त्या पाच रुपयांचा एकमेकांशी संबंध आहे, तो ऐका. तुमच्या घरी ते शेजारी कसे आले हा योगायोग, पण संबंध पक्का आहे.

पहिलं महायुद्ध. इंग्रज सरकार हिंदुस्थानातून युद्धासाठी वाट्टेल ते विकत घेत होतं, ज्यूट, गहू, कातडी, आणि पैसे चुकवायला रुपये हवेत. रुपया चांदीचा, आणि जगात चांदी महागलेली. म्हणून नोटा वाढवल्या. नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची पहिली नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांची. लोकांचा कागदावर विश्वास बसेना. नोटेवर लिहिलं होतं की मागाल तेव्हा रुपये देऊ. १९१८ च्या वसंतात जर्मनांनी मुसंडी मारल्याच्या बातम्या आल्या तशी मुंबईच्या करन्सी ऑफिसावर झुंबड उडाली: हा घ्या कागद, द्या रुपये. सरकारच्या तिजोरीतले चांदीचे रुपये झपाट्याने आटत चालले. ते संपले असते तर नोट नुसता कागद ठरली असती, आणि तीही ऐन लढाईत.

इतकी चांदी एकगठ्ठा होती फक्त अमेरिकन सरकारच्या तळघरात. मॉर्गन डॉलरच्या पोत्यांच्या रूपात. चांदीच्या खाणवाल्यांच्या दबावाने १८७८ पासून त्यांनी कोट्यवधी पाडून ठेवले होते, आणि वापरायला कुणाला नको होते. २३ एप्रिल १९१८ ला तिथे पिटमन कायदा झाला. नेव्हाडाचा सेनेटर पिटमन, चांदीच्या खाणींच्या राज्यातला. ३५ कोटी डॉलरपर्यंत नाणी वितळवायला परवानगी. प्रत्यक्षात २७ कोटींहून थोडी जास्त वितळवली आणि त्यातली सुमारे २५ कोटी ९१ लाख ब्रिटनला विकली, आपल्यासाठी. वीस कोटी औंस चांदी. ती बोटींनी आली आणि मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींत रुपया होऊन बाहेर पडली.

हिशेब करून बघा. रुपयाचं वजन बरोबर एक तोळा, त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. मॉर्गन डॉलरमध्ये शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन. एका डॉलरमधून सव्वादोन रुपये. २५ कोटी ९१ लाख डॉलर म्हणजे अठ्ठावन्न कोटी रुपयांची चांदी.

म्हणून १९१८-१९ चे रुपये आजही गावोगाव पेट्यांतून सापडतात. अमुकच रुपया डॉलरमधून आला असं बोट ठेवून कुणी सांगू शकणार नाही, पण त्या दोन सालांच्या रुपयांत अमेरिकन चांदी भरपूर आहे.

चिंचोका | रविवार

अंगावर काटा आला. मी इथे पेन्या मोजत बसलेय आणि काका कुठे घेऊन गेले.

दामाजी | रविवार

काकांना साष्टांग. उरलेली अर्धी गोष्ट माझ्याकडची.

खाणवाल्या राज्यांनी पिटमन कायद्यात मेख मारून ठेवली होती: जितके डॉलर वितळवाल, तितकी चांदी अमेरिकन खाणींकडून एक डॉलर औंस भावाने विकत घ्यायची आणि पुन्हा डॉलर पाडायचे. १९२१ मध्ये ते सुरू झालं. तेव्हा १९०४ पासून मॉर्गन पाडणं बंद होतं आणि मूळ ठसे १९१० मध्ये नष्ट केलेले. म्हणून मॉर्गनला नव्याने ठसा करावा लागला, आणि तो जरा चपटा झाला. वर्षाच्या अखेरीस त्याच्या जागी पीस डॉलर आला, पण तोवर १९२१ चे मॉर्गन आठ कोटींवर पडले होते.

तेव्हा हिरवा चाफा, तुमच्या चौरंगावर पाच रुपये आहेत, ज्यांच्यासाठी जुने डॉलर वितळले, आणि एक डॉलर आहे, जो वितळलेल्यांच्या भरपाईला पाडला. बाजारभावाने तो साधारणातला साधारण मॉर्गन. मला विचाराल तर यापेक्षा भारी जोडी माझ्या कुठल्याच अल्बममध्ये नाही.

मागच्या बाजूला गरुडाखाली, माळेच्या गाठीखाली बारीक अक्षर आहे का बघा. काहीच नसेल तर फिलाडेल्फिया, 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, 'डी' म्हणजे आमचं डेन्व्हर. जुन्या काळात डेन्व्हरने मॉर्गन पाडला तो फक्त त्या एका वर्षी.

याच वितळवण्यामुळे मॉर्गनवाल्यांची डोकेदुखी कायम आहे. कुठल्या सालाचे किती वितळवले याची नोंदच ठेवली नाही. टांकसाळीच्या वहीत लाखो दिसतात आणि बाजारात मिळत नाहीत. वहीत थोडे दिसतात आणि १९६० च्या सुमारास सरकारी तळघरातून अख्खी पोती निघतात. १९०३ चा न्यू ऑर्लिन्सचा डॉलर असाच, फार दुर्मिळ म्हणून लोक जपत होते, १९६२ मध्ये पोती उघडली आणि भाव कोसळला.

सातबारा | सोमवार

गोटेकाका, मोदक. आमच्या वाड्यात पण १९१९ चे रुपये आहेत, आता वेगळ्या नजरेने बघेन.

एक वकिली सूचना, कारण असा विचार कुणाच्या तरी मनात येणारच. शंभर वर्षं झालेलं नाणं आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तू धरतात, आणि पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १९१८-१९ चे रुपये आता त्यात बसतात. 'आजीची आठवण म्हणून एक न्यू जर्सीला नेते' असं म्हणून पर्समध्ये टाकू नका. विमानतळावर आठवण जप्त होते.

हिरवा_चाफा | सोमवार

बापरे, बरं झालं सांगितलंत. बहीण टोरांटोला असते आणि तिचा डोळा आहेच एकावर :-) देवघरातून काही हलणार नाही.

डॉलरवर अक्षर नाही. फिलाडेल्फिया. म्हणजे चिंचोकाच्या शेजारचा.

काका, रुपये मुंबईचे की कलकत्त्याचे हे कळतं का?

नर्मदेतला_गोटा | सोमवार

कळतं. 'वन रुपी' लिहिलेली बाजू बघा. कडेच्या वेलबुट्टीत अगदी खाली कमळ आहे. त्याच्या खाली मोहरीएवढा उठावाचा ठिपका असेल तर मुंबई. ठिपका नसेल तर कलकत्ता. भिंग लागेल, आणि आईंनी फार घासलं असेल तर नशीब लागेल.

हिरवा_चाफा | सोमवार

चारांवर ठिपका आहे! एकावर नाही. आई म्हणते, 'मी हलक्या हातानेच घासते, सांग त्यांना.'

भरली_वांगी | सोमवार

काकूंना नमस्कार सांग. दामाजीला उत्तर मिळालं.

विकत घ्यायचा असेल तर मॉर्गन कुठून घ्यावा? ऑनलाइन पंचवीस डॉलरला 'कार्सन सिटी' दिसतायत.

दामाजी | सोमवार

पंचवीस डॉलरला त्यातली चांदीसुद्धा येत नाही, मग कार्सन सिटी कसा येईल? खोटे ढिगाने आहेत. खरा मॉर्गन २६.७३ ग्रॅम, ३८.१ मिलिमीटर, चुंबकाला ढिम्म. आणि साल बघ. कार्सन सिटीच्या टांकसाळीने १८८६, ८७, ८८ मध्ये डॉलर पाडलेच नाहीत. '१८८७ सीसी' दिसला की पुढचं वाचूच नकोस. ओळखीच्या दुकानातून घे किंवा पीसीजीएस, एनजीसी या नाणी तपासून डबीबंद करणाऱ्या कंपन्यांच्या डबीतला घे आणि डबीवरचा नंबर त्यांच्या साइटवर ताडून बघ. डब्यासुद्धा खोट्या येतात.

नर्मदेतला_गोटा | सोमवार

पुण्याच्या जुन्या बाजारात मला १८०४ चा अमेरिकन डॉलर दोनशे रुपयांना देऊ केला होता. जगात खरे सोळा आहेत, त्यातला एक मस्कतच्या सुलतानाला भेट गेलेला, २०२१ मध्ये शहात्तर लाख डॉलरच्या वर विकला. मी म्हटलं, दीडशेला दे. लगेच तयार झाला.

सातबारा | सोमवार

काका, घेतलात की नाही?

नर्मदेतला_गोटा | सोमवार

घेतला. पेपरवेट म्हणून चांगला आहे.

चिंचोका | सोमवार

बरणी लावली मार्गी. लोंबीवाल्या, २०१७ वाल्या आणि चांदीचा डाइम एका डबीत, भाच्याला. तांब्याच्या पेन्या वेगळ्या पिशवीत, त्यांचं काय करायचं नवरोबा ठरवतील, कारण ते आता बँकेतून पेन्यांचे आणखी रोल मिळतात का विचारून आलेत. बाईने सांगितलं, संपले. तोंड पाडून परत आले.

नव्या घरी गटग करू या. महिनाअखेरीचा शनिवार. पूर्व किनाऱ्यावरच्यांनी डुप्लिकेट क्वार्टर घेऊन या, अदलाबदल करू. अळूवड्या माझ्याकडे, बाकी बोला.

भरली_वांगी | सोमवार

त्या आठवड्यात कामासाठी न्यू यॉर्कला आहे, येतेच. मला २०२२ च्या क्वार्टरवरची विल्मा मॅनकिलर हवीय, बदल्यात माया अँजेलो दोन देईन. मसालेभात मी करते, पण तुझ्या कुकरची शिटी चालते का ते आधी सांग.

दामाजी | सोमवार

मला यायला जमणार नाही, पण मॅनकिलर माझ्याकडे पाच आहेत. पाकिटातून पाठवतो. क्वार्टरची किंमत पंचवीस सेंट, पोस्टाचा खर्च त्याच्या कित्येक पट. आमच्या छंदाचा हिशेब हा असाच चालतो, वहिनींना सांगू नका.